७७७, ७८७ की ए३५०: लांब पल्ल्यावर परवडतं कोण?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला असा, की बोइंग ७७७-३००ईआर, ७८७-९ आणि एअरबस ए३५० यांपैकी लांब पल्ल्यासाठी सगळ्यात किफायतशीर विमान कोणतं. दुसरा असा, की एवढी कमी इंधन पिणारी विमानं आली, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात मोठ्या विमानांची देखभालही होते, तरी इथल्या सोनेगाव विमानतळावरून थेट लंडन किंवा न्यूयॉर्क का नाही. मी एअरलाइनमध्ये परफॉर्मन्स इंजिनिअर होतो. अमुक मार्गावर अमुक विमान किती वजन घेऊन उठेल, त्याला किती इंधन लागेल आणि किती माल धक्क्यावर सोडून जावा लागेल, हे काढणं माझं रोजचं काम होतं. आता मुक्काम नागपुरातच आहे. त्यामुळे दोन्ही भागांचं उत्तर देतो, थोडं लांबेल.

इंधनापुरतं बोलायचं तर ए३५० आणि ७८७ ही दोन्ही विमानं ७७७-३००ईआरच्या पुढे आहेत, यात वाद नाही. पण परवडणं न परवडणं एकट्या इंधनावर ठरत नाही. विमानाचा महिन्याचा हप्ता किती आहे, त्या मार्गावर खरोखर किती जागा विकल्या जातात आणि निघताना किती वजन खाली ठेवावं लागतं, या तीन गोष्टी इंधनाइतक्याच, कधी त्याहून जास्त बोलतात. कंपन्यांच्या माहितीपत्रकात यातल्या पहिल्या दोन नसतातच, आणि तिसरी बारीक अक्षरात असते.

आधी इंधन. लांब उड्डाणाची सरासरी धरली तर ७७७-३००ईआर तासाला साधारण पावणेआठ टन जाळतं, ए३५०-१००० पावणेसात टनांच्या आसपास, ए३५०-९०० सहा टनांच्या जरा आत आणि ७८७-९ साडेपाच टन. वजन, उंची, वारा, इंजिनाचं वय यांनी हे आकडे खालीवर होतात. चौदा तासांच्या उड्डाणाला ७७७-३००ईआर १०९ टन खाईल, ए३५०-९०० जवळपास ८३ टन. एअर इंडियाच्या ७७७-३००ईआरमध्ये ३४२ आसनं होती आणि तिच्या ए३५०-९०० मध्ये ३१६ आहेत. भागाकार केला तर आसनामागे एकीकडे ३१९ किलो, दुसरीकडे २६३ किलो. म्हणजे सतरा-अठरा टक्क्यांचा फरक, आणि तो खरा आहे.

मात्र आसनामागच्या इंधनाचा तक्ता कुणी समोर ठेवला, तर आधी आसनं किती धरली ते विचारा. ७८७ ची केबिन आतून साधारण ५.४९ मीटर रुंद. सुरुवातीला तिच्यात एका रांगेत आठ जणांचा विचार होता, आज बहुतेक एअरलाइन नऊ बसवतात. ७७७ मध्ये पूर्वी नऊ असत, आता दहा. रांगेत एक आसन वाढलं की इंधन तेवढंच राहून आसनामागचा आकडा आपोआप खाली येतो. ही बचत इंजिनानं केलेली नसते, प्रवाशाच्या कोपरानं केलेली असते. उलट टोकाला सिंगापूर एअरलाइन्सची ए३५०-९००यूएलआर, म्हणजे अति लांब पल्ल्याची आवृत्ती पाहा. ऑक्टोबर २०१८ पासून ती सिंगापूर ते न्यूयॉर्क परिसर असं अठरा-एकोणीस तासांचं उड्डाण करते. आत आसनं फक्त १६१, त्यातली ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. आसनामागे साडेसहाशे किलोच्या आसपास इंधन जातं. तक्त्यावर हे दिवाळखोरीचं काम वाटेल. पण तिकिटाचा दरही तसाच आहे, आणि घेणारे घेतात.

फरक येतो कुठून, हे थोडक्यात. विमान किती लांब जाईल याचं जुनं समीकरण ब्रेगेच्या नावानं ओळखलं जातं. त्यात तीनच दोऱ्या आहेत: इंजिन एका किलो इंधनातून किती जोर काढतं, पंख हवेच्या विरोधाच्या किती पट उचल देतो, आणि रिकामं विमान किती जड आहे. ७८७ च्या वजनाचा निम्मा भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे कार्बन धाग्यांच्या हलक्या प्लास्टिकचा आहे, ए३५० मध्ये ५३ टक्के. (७८७ चे कॉम्पोझिट फ्लोअर बीम, म्हणजे केबिनच्या फरशीखालच्या तुळया, आपल्या मिहानमध्येच, टाटा समूहाच्या कारखान्यात तयार होतात. इथल्या पोरांना हे माहीत नसतं याचं मला नवल वाटतं.) कॉम्पोझिटमुळे सांगाडा हलका होतो आणि पंख लांब, सडपातळ करता येतो. बाकीचा मोठा वाटा इंजिनाचा. ७७७-३००ईआरचं जीई९०-११५बी हे इंजिन कसदार आहे, १,१५,३०० पौंडांचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) देतं; पण ते २००४ च्या पिढीचं. ७८७ चं जीईएनएक्स किंवा ए३५० चं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी ही एक पिढी पुढची आहेत.

आता खरा मुद्दा, ज्याकडे हौशी मंडळी सहसा पाहत नाहीत. विमान अमुक किलोमीटर जातं, हे वाक्य अपुरं आहे. किती वजन घेऊन जातं, ते सोबत सांगितलं तरच त्याला अर्थ येतो.

७७७-३००ईआरचे बोइंगनं छापलेलेच आकडे घ्या. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१.५ टन. इंधन सोडून विमान, माणसं आणि माल मिळून कमाल वजन २३७.७ टन. रिकामं वजन सुमारे १६७.८ टन. म्हणजे पेलोड (माणसं आणि माल मिळून वजन) जास्तीत जास्त ७० टन. तो पूर्ण भरला तर इंधनासाठी ३५१.५ वजा २३७.७, म्हणजे ११३.८ टन उरतात. टाकीत मात्र १४५ टन मावतं. टाकी भरायला जागा आहे, पण वजनाची मुभा नाही. राखीव इंधन म्हणून नऊएक टन बाजूला ठेवले तर हातात १०५ राहिले. पूर्ण भरलेलं विमान तासाला आठ टनांच्या आसपास खातं, म्हणजे तेरा तास. पेलोड आणि पल्ल्याचा आलेख काढला तर तो इथे खाली वाकतो. यापुढे प्रत्येक तासासाठी सात-आठ टन इंधन हवं असेल, तर तेवढाच पेलोड उतरवायचा.

सोळा तासांचं उड्डाण घ्या. बावीस टनांच्या आसपास पेलोड गेला, उरले ४८. एअरलाइनची खरीखुरी आसनं, किचन, पाणी, जेवण, कर्मचारी धरले की रिकामं वजन माहितीपत्रकापेक्षा पाच-सहा टनांनी वाढतं. उरले ४२. सामानासह माणशी शंभर किलो धरून ३४२ प्रवाशांचे ३४ टन गेले. मालासाठी राहिले आठ टन. पोटात ४४ एलडी-३ कंटेनरची जागा आणि त्यात आठ टन माल, म्हणजे बहुतेक कंटेनर रिकामेच. बरं, हे सगळं धावपट्टी लांब आणि हवा थंड असताना. उन्हाळ्यात त्या आठमधलेही काही जातात. अशा रात्री लोड शीटवर (विमानातल्या वजनाच्या हिशोबाच्या कागदावर) सही करताना कार्गोवाल्यांचे फोन येतातच.

अति लांब उड्डाण म्हणजे बैलगाडीत माल कमी आणि बैलांचा चाराच जास्त. चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणाच्या शेवटी एक टन इंधन जास्त उरायला हवं असेल, तर निघताना दीड टनाहून थोडं जास्त भरावं लागतं. बाकीचं ते एक टन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून रिकाम्या वजनातल्या दहा टनांची किंमत आठ तासांच्या मार्गावर एक आणि सोळा तासांच्या मार्गावर भलतीच वेगळी. ए३५०-१००० हे विमान ७७७-३००ईआरपेक्षा दहाएक टनांनी हलकं आहे. वर तासाला टनभर कमी पितं. दोन्ही फायदे मिळून अंतर जितकं वाढेल तितका ए३५० चा हात वर होतो. सोळा तासांवर तो तेवढीच माणसं नेऊन वर चांगला मालही नेतो. सहा तासांवर मात्र हा फरक इतका आकसतो की जुन्या ७७७ ला हसण्यात अर्थ नाही.

२०२५ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. २४ एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी उड्डाणं लांबली, आणि आलेखाच्या वाकणाऱ्या टोकावर असलेली विमानं पलीकडे ढकलली गेली. पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा असतोच. परिणामी एअर इंडियाच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. लोकांना वाटतं, उतरलं, तेल भरलं, निघालं. त्यात एक जादा लँडिंग, त्या विमानतळाचं शुल्क, खाली जाऊन पुन्हा वर चढण्याचं इंधन, कर्मचाऱ्यांची ड्युटी संपल्यानं नवी टीम, तिची हॉटेलं, आणि विमानाचे दोन-तीन तास. त्या तासांचा हप्ता चालूच असतो. १ सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या तुटवड्यासोबत हेही एक कारण होतं.

इथे ७८७-१० चं उदाहरण द्यायलाच हवं, कारण मला ते फार आवडतं. ७८७-९ ची लांबी जवळपास साडेपाच मीटरनं वाढवून बोइंगनं ते केलं, पण उड्डाणाचं कमाल वजन मुद्दाम तेच ठेवलं, २५४ टन. पंख तोच, चाकं जवळजवळ तीच. वाढवलेलं प्रत्येक आसन म्हणजे कमी केलेलं इंधन. त्यामुळे पल्ला ७८७-९ च्या १४,०१० किलोमीटरवरून ११,७३० वर आला. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण आठ-दहा तासांच्या मार्गावर आसनामागचा खर्च पाहिला तर आजच्या रुंद विमानांत त्याच्या जवळ फार थोडी येतात. तुमचा बहुतेक धंदा त्या पट्ट्यात असेल, तर चौदा हजार किलोमीटरची ताकद विकत घेऊन ती रोज वाया घालवायची कशाला? हीच गोष्ट ए३३०निओची. मूळ रचना जुनी आणि अॅल्युमिनियमची, पण पंख ६४ मीटरचा नवा, इंजिन ट्रेंट ७००० आणि किंमत ए३५० पेक्षा बरीच कमी.

आता पैसा. इथे मी उदाहरणासाठी आकडे धरतो, कारण खरे करार कुणी दाखवत नाही.

एकाच चौदा तासांच्या मार्गावर जुनं ७७७-३००ईआर आणि नवंकोरं ए३५०-१००० लावा. एका एकेरी उड्डाणाला पंधरा टन इंधन वाचतं. असं विमान वर्षाला साडेचार ते पाच हजार तास उडतं, म्हणजे एकेरी ३३० उड्डाणं. वाचलेलं इंधन सुमारे ४,९५० टन. टनाला ८०० डॉलर दर धरला तर वर्षाला चाळीस लाख डॉलर, महिन्याला तीन लाख तीस हजार. समजा जुन्या ७७७ चं भाडं महिन्याला साडेचार लाख डॉलर आहे आणि नव्या ए३५०-१००० चं तेरा लाख. फरक साडेआठ लाखांचा. इंधनानं भरून निघाले तीन लाख तीस हजार. बाकी पाच लाख वीस हजार कुठून आणायचे? दर टनाला १,२०० डॉलर झाला तरी बचत महिन्याला पाच लाखांच्या आतच.

हा हिशोब पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. मग नवी विमानं घेतात का लोक? घेतात, कारण जुन्याची देखभाल वर चढत जाते. मोठा चेक, म्हणजे विमान उघडून करायची सखोल तपासणी, आली की विमान आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये. जीई९० च्या एका ओव्हरहॉलचं बिल एक कोटी डॉलरच्या पुढे सहज जातं, आणि अशी इंजिनं दोन. नव्याला पहिली काही वर्षं मोठा चेक नाही, वॉरंटी आहे. वर सांगितलेला जादा माल आहे. शांत केबिन आणि चांगली आसनं असली की पुढच्या वर्गाचं तिकीट चार पैसे जास्तीनं विकलं जातं. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बनचा कोर्सिया हिशोब (कार्बन भरपाईची जागतिक योजना) भारतालाही बंधनकारक होतोय, तिथेही कमी जाळणारा थोडा सुटतो. हे सगळं मिळून फरक मिटतो, पण काठावर. म्हणून ज्या एअरलाइनच्या ७७७ चं कर्ज फिटलं आहे ती विमान मोडीत काढायची घाई करत नाही. त्यात ७७७ ची पुढची आवृत्ती, ७७७-९, रखडली, आणि जुन्यांचा भाव आणखी टिकला.

आपल्याकडच्या कंपन्यांना यात एक जादा काटा आहे. हप्ता डॉलरमध्ये, इंधनाचा दर डॉलरशी बांधलेला, आणि तिकिटांचा मोठा भाग रुपयात. रुपया घसरला की महागड्या हप्त्याचं नवं विमान जास्त दुखतं. मुंबई-दिल्लीच्या बोर्डरूममध्ये "नवीन म्हणजे स्वस्त" असं सरसकट म्हणणाऱ्या सल्लागाराचं पुढचं सादरीकरण मी फारसं ऐकलं नसतं.

ए३८० बद्दल थोडक्यात. सगळ्या जागा भरल्या तर आसनामागचा खर्च चांगला होता. पण चार इंजिनं, ५७५ टनांचं वजन आणि तासाला अकरा-बारा टन इंधन. विमान अर्धं भरलं तरी इंधनाचं बिल जवळपास पूर्ण येतं. म्हणून एअरलाइन आसनाच्या खर्चाबरोबर फेरीचा खर्चही बघते. तोटा झालाच तर एका उड्डाणात किती होईल, ते हा आकडा सांगतो. शेवटचं ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला गेलं, एकूण २५१. सिंगापूर एअरलाइन्सनं २००७ मध्ये पहिल्यांदा घेतलेली काही विमानं दहा-बारा वर्षांतच सुटे भाग काढण्यासाठी मोडली गेली. पुनर्विक्रीची किंमत जवळपास शून्य होणार असेल, तर पहिल्या दिवसापासून हप्त्याच्या हिशोबात ती धरावी लागते. दुसऱ्या हातात कोण घेईल, हा प्रश्न विमान खरेदीत तेलाइतकाच मोठा आहे. ७८७-९ आणि ए३५०-९०० इथे भक्कम आहेत. घेणारे पुष्कळ, म्हणून भाड्यानं देणाऱ्यांनाही ती हवी असतात.

७७७-९ चं कागदावरचं चित्र असं: कमाल वजन ७७७-३००ईआरइतकंच, ३५१.५ टन, दोन वर्गांत ४२६ आसनं, जीई९एक्स इंजिन, आणि जमिनीवर दुमडणारी पंखांची टोकं. पंख उघडा असताना ७१.७५ मीटर, दुमडल्यावर ६४.८५. ही दुमड शोभेची नाही. विमानतळांचे बहुतेक गेट ६५ मीटरपर्यंतच्या पंखासाठी बांधलेले असतात. ए३८० ला वेगळे गेट लागले, तशी वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप. पहिलं उड्डाण २५ जानेवारी २०२० ला झालं आणि बोइंगनं पहिली डिलिव्हरी आता २०२७ वर ढकलली आहे. एअर इंडियानं २०२३ च्या ४७० विमानांच्या ऑर्डरमध्ये यातली १० घेतली आहेत. ज्या दोन शहरांमध्ये रोज चारशे माणसं आणि भरपूर माल खात्रीनं आहे, तिथे हे विमान चालेल. तशा जोड्या जगात मोजक्याच.

इंजिनाच्या टिकाऊपणावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण तक्त्यांमध्ये हा रकाना नसतो. ७८७ च्या ट्रेंट १००० इंजिनांच्या पात्यांना अपेक्षेआधी झीज आणि तडे आले, आणि २०१६ नंतरची काही वर्षं जगभरात कितीतरी ७८७ इंजिनाविना उभी राहिली. २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये एमिरेट्सचे अध्यक्ष टिम क्लार्क यांनी ए३५०-१००० च्या ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-९७ बद्दल उघड नाराजी सांगितली: आखातासारख्या उष्ण, धुळीच्या प्रदेशात इंजिन पंखावर किती काळ टिकेल याची खात्री त्यांना वाटत नव्हती. दिल्लीची हवा त्या बाबतीत आखाताची सख्खी बहीण आहे. दोन टक्के कमी पिणारं इंजिन निम्म्या वेळात दुरुस्तीच्या शॉपमध्ये जात असेल, तर ते दोन टक्के कुठे गेले ते शोधावं लागतं. जीई९० ला जुनं म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हेही बघावं, की ते वर्षानुवर्षं निमूट चालतं. मिहानच्या ज्या एमआरओमध्ये (देखभाल-दुरुस्ती केंद्रात) एअर इंडियाची मोठी विमानं येतात, तो एमआरओ बोइंगनं एअर इंडियाच्या ६८ विमानांच्या ऑर्डरच्या बदल्यात बांधून दिला आणि २०१५ मध्ये सुरू झाला. तिथल्या एखाद्या जुन्या जाणत्या एएमईला, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरला विचारा, तोही बहुधा हेच म्हणेल.

आता नागपूर.

आधी ऊन. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर, उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवेची घनता मानक समुद्रसपाटीच्या तुलनेत तेरा-चौदा टक्क्यांनी घटते. पंखाला आणि इंजिनाला विमानतळ चौदाशे-पंधराशे मीटर उंचीवर असल्यासारखा वाटतो. वर मोठी इंजिनं पूर्ण थ्रस्टची हमी साधारण तीस अंशांपर्यंतच देतात. त्यापुढे आतलं तापमान आवरण्यासाठी जोर कमी करावा लागतो. पूर्ण ३५१ टनांचं ७७७-३००ईआर भर दुपारी इथून उठणार नाही, हे सरळ आहे. पण तशी गरजही नाही. नागपूर-लंडन सरळ रेषेत ७,५०० किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी ७८७-९ ला २५४ टनांपैकी कितीतरी कमी वजन लागेल. पहाटे दोन-तीनला, पारा तीसवर आल्यावर उठवलं तर ३,२०० मीटर पुरतात. न्यूयॉर्क १२,६०० किलोमीटर, सॅन फ्रान्सिस्को १३,१००. तिथे मात्र उन्हाळ्यात पेलोडला कात्री लागेल. त्या मानानं बेंगळुरू अधिक उंचावर, ९०० मीटरच्या वर आहे. तरी एअर इंडियानं जानेवारी २०२१ मध्ये तिथून ७७७-२००एलआरनं सॅन फ्रान्सिस्कोला थेट उड्डाण सुरू केलं, कारण धावपट्टी ४,००० मीटर, हवा सौम्य, आणि आयटीवाल्यांची बिझनेस क्लासची तिकिटं.

म्हणजे विमान अडत नाही. अडतो तो फेरीचा खर्च. नागपूर-लंडन ७८७-९ नं दहा तास धरा, पाकिस्तानची हद्द बंद असेल तर अधिक. इंधन ५४ टन, ८०० डॉलरच्या दरानं ४३,००० डॉलर. महिन्याचं भाडं दहा लाख डॉलर आणि महिन्याला ४२० तास उडणं धरलं तर तासाला जवळपास २,४०० डॉलर, म्हणजे दहा तासांचे २४,०००. त्यावर वैमानिक आणि केबिन क्रू, देखभाल, हवाई मार्गाचं शुल्क, लंडनचं लँडिंग, ग्राउंड हँडलिंग, जेवण. एकेरी खर्च लाख डॉलरच्या पुढे जातो. २९० आसनांपैकी ऐंशी टक्के भरली तरी माणशी सव्वाचारशे-साडेचारशे डॉलर फक्त खर्च निघायला हवेत, तेही दोन्ही बाजूंनी, जुलैत आणि फेब्रुवारीतही. विदर्भातून रोज अडीचशे माणसं लंडनलाच जाणार आहेत का? आठवड्यातून दोनदा उडवलं तर निभेल असं कुणी म्हणेल, पण बिझनेसचा प्रवासी आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या विमानासाठी थांबत नाही. आणि पैसा त्याच्याकडूनच मिळायचा असतो.

दोह्याचं विमान इथून भरून जातं त्याचं गणित वेगळं. त्यात बसलेल्यांपैकी थोडे लंडनला, थोडे टोरांटोला, कुणी शिकागोला, कुणी फ्रँकफर्टला. एकेका शहरासाठी दहा-वीसच माणसं असली तरी चार तासांचं छोटं विमान भरतं, आणि पुढचं मोठं विमान पन्नास शहरांच्या दहा-वीस माणसांनी भरतं. थेट उड्डाणाला अशी गोळाबेरीज करता येत नाही.

एअरबसचं लहान पण लांब पल्ल्याचं ए३२१एक्सएलआर हा मधला मार्ग म्हणून तुम्हाला कुणी सुचवेल. कमाल वजन १०१ टन, कागदावर पल्ला ८,७०० किलोमीटर, दोनशेच्या आत आसनं, आणि फेरीचा खर्च मोठ्या विमानापेक्षा कितीतरी कमी. इंडिगोच्या ऑर्डरमध्ये ती आहेतही. ७,५०० किलोमीटर त्यात बसायला हवेत. पण हिवाळ्यातला समोरचा वारा, हवाई हद्दीचा वळसा आणि राखीव इंधन धरलं की पश्चिमेकडे जाताना बरीच आसनं रिकामी ठेवावी लागतील. इस्तंबूल किंवा पूर्व युरोपपर्यंत ते नागपूरहून आरामात जाईल. नागपूरहून युरोपला पहिलं थेट विमान कधी उडालंच, तर ते असंच, केबिनमध्ये आसनांच्या मधून एकच वाट असलेलं असेल, दोन वाटांचं रुंद विमान नव्हे, असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला हे स्वतः पडताळायचं असेल, तर बोइंग आणि एअरबस दोघांचीही विमानतळ-नियोजनाची कागदपत्रं फुकट मिळतात. त्यात बोइंगच्या तिसऱ्या प्रकरणात पेलोड आणि पल्ल्याचा आलेख आणि तापमानानुसार लागणाऱ्या धावपट्टीचे तक्ते आहेत. आलेखावर ७,५०० किलोमीटरमध्ये वाऱ्यासाठी पाच-सात टक्के मिळवून रेघ मारा, मग धावपट्टीच्या तक्त्यात ३,२०० मीटरवरून उलटं या. मानक तापमानाचा तक्ता वापरू नका, त्याच्या पंधरा अंश वरचा घ्या. आपल्याकडे रात्रीही तोच लागू पडतो.